नाम आणि पाखरे

माउली, चाळीस-पंचेचाळीस वर्षे कीर्तनाच्या गादीवर उभा राहिलो, आता घसा साथ देत नाही म्हणून टाळ खुंटीला लावला. वारकऱ्याला एकटेपणाची सवय नसते. दिंडीत पुढे माणूस, मागे माणूस. तरी या फाल्गुनात एकटाच कोकणात गेलो. दापोली तालुक्यातले अंजर्ले. मुलगा म्हणाला, "बाबा, या वयात?" म्हटले, वय आहे म्हणूनच.

एकादशीचा दिवस होता. भरतीचा जुना हिशेब तुम्हांला ठाऊक असेल, तिथीची पाऊणपट करावी. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सव्वाआठच्या सुमारास समुद्र भरलेला. त्याआधी उजाडताना गावकऱ्यांनी कासवाची पिल्ले सोडली. मादी रात्री येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. परत बघायला येत नाही. दीड-दोन महिने वाळूच्या उबेवर ती अंडी वाढतात. कोल्हे-कुत्री उकरतात म्हणून गावकरी ती उचलून कुंपणात पुरतात व राखतात. पिलू तळहातावर मावेल एवढे. पाण्यात नेऊन सोडत नाहीत, वाळूवर ठेवतात. शेवटची वाट त्याने स्वतः चालायची. आम्हां बघणाऱ्यांपुढे एक दोरी बांधली होती. दोरीपुढे पाऊल नाही. लहान मुलांनीही ती मोडली नाही, आणि मी तर दर्शनबारीत वाढलेला माणूस.

नंतर जोग नदीच्या खाडीत गेलो. तिथल्या एका पोराने एकट्याने वल्हवायची होडी दिली, तिला कयाक म्हणतात. लाइफ जॅकेट घातले, तो दुसऱ्या होडीतून थोडा मागे राहिला. भरतीचे पाणी आपणच आत नेते. दोन्हीकडे कांदळवन, तिवर आणि चिपी, मुळे पाण्याखाली. इंजिनाचा आवाज नाही. वल्ह्यावरून थेंब पडतो तेवढाच. एका वळणावर पाण्याबाहेर उरलेल्या वाळूच्या पट्टीवर दोन-तीनशे पाखरे एका पायावर उभी होती. तुतारी, चिखल्या, सगळ्यांची तोंडे वाऱ्याकडे. जणू वाळवंटात फड उभा आहे. ऊर भरून आला आणि सवयीने, खर्जात का होईना, मोठ्याने "पुंडलिक वरदे" म्हणून गेलो.

सगळी उठली. आभाळ पांढरे झाले, दोन घिरट्या घातल्या आणि थवा समुद्राकडे गेला. पट्टी रिकामी.

पोरगा जवळ आला. रागावला नाही. म्हणाला, "बुवा, भरतीत त्यांचं चरायचं बुडालेलं असतं. तेवढाच विसावा. आता आठ-पंधरा दिवसांत यांना उत्तरेला जायचंय, हजारो मैल. अंगावर चरबी धरतात ती उडवून लावली की वाया जाते."

माउली, तेव्हापासून एक प्रश्न सुटत नाही. मी दगड मारला नव्हता. मी देवाचे नाव घेतले होते. मग माझ्या हातून झाले ते काय? एक मन म्हणते, नाम कधी कुणाचे वाईट करत नाही. दुसरे म्हणते, अरे, तिथे नाम कुठे होते? मला फार आनंद झाला हे सगळ्या खाडीला कळावे, एवढेच होते. अर्धी वर्षे गादीवर ते चालून गेले, कारण समोर बसलेली माणसे होती.

नामदेवरायांची गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल. कुत्र्याने भाकरी पळवली, महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले. श्रोत्यांचे डोळे ओले व्हायचे, माझेही. पण माउली, कुत्रे पळत होते, हे माझ्या ध्यानात कधी आले नाही. त्याला तूप दिसत नव्हते, मागे येणारा माणूस दिसत होता. महाराज द्यायला धावले, म्हणून ते शोभले. मी तर बघायला गेलो होतो. घ्यायलाच गेलो होतो.

कुणी म्हणेल, मग लांबच राहायचे का? चोखोबांना महाद्वाराबाहेर ठेवले, तेही अंतरच होते. नाही, दोन्ही एक नव्हेत. ते अंतर दुसऱ्यांनी लादले, ते पापच. सकाळची दोरीही गावाने बांधली होती. खाडीत ती बांधायला कुणी नव्हते, ती मीच माझ्यासमोर बांधायची होती. पसायदानात माउलींनी सगळ्या जीवांची एकमेकांशी मैत्री मागितली. मैत्रीत समोरच्यालाही काही विचारायचे असते, आणि पाखराला उडून जाण्याखेरीज उत्तर देता येत नाही.

दुपारी फराळ झाल्यावर पुन्हा खाडीच्या काठी जाऊन बसलो. ओहोटी लागली होती, चिखल उघडा पडला होता. निवटे चिखलावर उड्या मारत होते, एक नांगी मोठी असलेले इवले खेकडे बिळांच्या तोंडाशी ती नांगी वर-खाली करत होते. नाम चालू होते, ओठही हलवले नाहीत. अडीचच्या पुढे केव्हातरी पाखरे दोन-तीन करत परतली. सकाळचीच की दुसरी, ओळखणार कसे? एक तुतारी चोच खुपसत खुपसत माझ्यापासून दहा-बारा हातांवर आली, थोडा वेळ चरली आणि पुढे गेली.