तोंड कोणाकडे करून गायचे?

सोलापूरहून वाडीकडे निघालेली गाडी अक्कलकोट रोड, नागणसूर, बोरोटी ही स्टेशने मागे टाकत दुधनीला येते. दुधनी सोडली की कर्नाटक, आणि थोडे पुढे गाणगापूर रोड. तुरीच्या बाजारासाठी ओळखले जाणारे दुधनी हे गाव अक्कलकोट तालुक्यातले, अगदी सीमेवरचे. घरात कन्नड आणि कचेरीत मराठी, हा या पट्ट्यातला रोजचा व्यवहार. पंढरीच्या वाटेवर मात्र ही वाटणी उरत नाही. कन्नड बोलणारी माणसे टाळ गळ्यात अडकवून मराठी अभंग गात चंद्रभागेकडे निघतात. त्यांचा विचार करताना मला नेहमी प्रश्न पडतो : गाणाऱ्यांचा गट आपला गाव सोडून परक्या ठिकाणी गायला जातो, तेव्हा त्या जाण्याला दौरा कधी म्हणायचे आणि वारी कधी?

अंतरावरून हे ठरत नाही. विमानाने सात समुद्र ओलांडले तरी दौरा तो दौराच राहतो. पायाला फोड आले एवढ्यानेही वारी होत नाही. माझ्या मते फरक एकाच गोष्टीने पडतो. गाणारा तोंड कोणाकडे करून गातो?

दिंडी मुक्कामाला थांबून भजनाला उभी राहते तेव्हा नीट पाहा. मध्ये वीणेकरी, जवळ मृदंग, आणि दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या समोरासमोर रांगा. एकाने चरण उचलायचा, बाकीच्यांनी तो झेलायचा. श्रोत्यांसाठी वेगळी जागाच नाही. ऐकायचे असेल तर रांगेत या, टाळ घ्या आणि गा. गाणे कुणाला दाखवायचे नसते, त्यामुळे ‘चांगले झाले का?’ हा प्रश्न विचारायलाही कोणी मोकळे नसते.

काय गायचे, तेही गाणाऱ्याच्या मर्जीवर नसते. भजनी मालिका ठरलेली आहे. पहाटेचा काकडा, संध्याकाळचा हरिपाठ, प्रत्येक वाराचे अभंग वेगळे. एखाद्याचा आवाज एखाद्या अभंगात फार खुलतो म्हणून तो मंगळवारचा अभंग बुधवारी गात नाही. गवयाला हा जाच वाटेल. वारकऱ्याला मात्र यातच मोकळेपणा मिळतो, कारण निवडीचे आणि तिच्यामागून येणाऱ्या मानाचे ओझे खांद्यावरून उतरलेले असते. माउलींच्या सोहळ्यात समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंच करतात आणि एवढा मोठा समुदाय क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तीच टाळ वाजवत राहते; चोपदार तिच्यापाशी जाऊन गाऱ्हाणे ऐकतात. तक्रारसुद्धा टाळानेच मांडायची, इतके गाणे या व्यवस्थेच्या अंगात मुरलेले आहे.

हेच चित्र हजारो मैल दूर इंग्लंडच्या जुन्या कॅथेड्रलमध्ये दिसते. तिथेही गायकवृंदाची आसने समोरासमोर, दोन बाजूंना असतात आणि स्तोत्राच्या ओळी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जात राहतात. 1662 च्या प्रार्थनापुस्तकात सगळी स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ-संध्याकाळ अशी वाटून दिली आहेत. उन्हाळ्यात तिथले नेहमीचे गायक सुट्टीवर गेले की बाहेरगावचे, परदेशचे वृंद येऊन त्यांच्या जागी सायंप्रार्थना गातात. कधी समोर मोजकीच माणसे असतात, आणि प्रार्थना संपल्यावर टाळ्याही पडत नाहीत. त्या दिवसाचे जे स्तोत्र असेल तेच गायचे आणि उठायचे. अशा प्रवासाला यात्रा म्हणायला मला जराही संकोच वाटत नाही. भाषा, धर्म, सूर सगळे वेगळे. पण गाणाऱ्याने स्वतःला दुसऱ्याच्या घरच्या नित्यक्रमात ठेवणे, हे तेच.

याचा अर्थ मैफल कमी प्रतीची, असा नाही. गदगच्या भीमसेन जोशींनी ‘संतवाणी’तून अभंग रंगमंचावर नेला, तेव्हा एरवी कधी दिंडीत न गेलेल्या लाखो माणसांच्या कानी तो पडला. कन्नड घरात वाढलेल्या गायकाने मराठी संतांना एवढे आपले केले, हे ऋण महाराष्ट्र विसरणार नाही. पण मैफलीत अभंग श्रोत्यांकडे येतो आणि वारीत गाणारा अभंगाबरोबर देवाकडे जातो. दोन्ही हवेत. एकाला दुसऱ्याचे नाव देऊ नये, इतकेच.

सीमेवरच्या गाणाऱ्याला ही गोष्ट लवकर कळते, असे मला वाटते. त्याला गाण्यासाठी रोजची भाषा ओलांडावीच लागते. उलट दिशेनेही ही वाट जुनीच आहे. कर्नाटकातल्या अनेक हरिदासांनी आपल्या पदांच्या शेवटी विठ्ठलाचे नाव गुंफले. पुरंदरदासांची मुद्रा ‘पुरंदर विठ्ठल’, विजयदासांची ‘विजय विठ्ठल’. माउलींच्या पालखीपुढचे अश्व आजही बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून चालत आळंदीला येतात. ख्रिस्ती उपासनेतही असेच ओलांडणे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांचा हात सोडला नाही. त्यांची भजने मराठी चर्चमध्ये गायली जातात, तेव्हा परदेशातून आलेली उपासना अभंगाच्या चालीने चालू लागते.

म्हणून गावोगावच्या भजनी मंडळांना आणि चर्चच्या गायकवृंदांना माझी एक विनंती आहे. परगावी किंवा परदेशी गायला जाल, तेव्हा आपला कार्यक्रम जरूर करा. पण त्याआधी एक दिवस तरी तिथल्या लोकांच्या नित्य उपासनेत, त्यांनी सांगितलेले, त्यांच्या रांगेत उभे राहून गा. त्या वेळी चित्रीकरण करू नका. आणि दुधनीकडच्या मंडळींनो, यंदा कार्तिकीला पंढरपुरात मराठी अभंगांबरोबर दासांचे एक कन्नड पदही म्हणा. विठ्ठलाला ती भाषा नवी नाही.