शाळेंतलें खरें कीं मंदिरांतलें?

चिखलीस एका ख्रिस्ती बंधूच्या घरीं मी मुक्कामास होतों. त्यांचा मुलगा दहावींत शिकत होता. जेवणें आटोपल्यावर तो जवळ येऊन बसला आणि म्हणाला, "काका, पृथ्वी कोट्यवधि वर्षांची आहे व सर्व प्राणी हळूहळू बदलत आले, असें गुरुजी शिकवितात. उपासनेंत तर सहा दिवसांची गोष्ट वाचितात. मग शाळेंतलें खरें कीं मंदिरांतलें?"

मीं चटकन् उत्तर दिलें, "बाळा, शाळेंतलें पेपरांत लिही आणि मंदिरांतलें मनांत ठेव." आईबापांस संतोष झाला. मुलगा मात्र उगाच राहिला.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. जें खरें वाटत नाहीं तें कागदावर लिही व जें खरें वाटतें तें लपीव, असें मीं त्या लेंकराला सांगितलें होतें. खोट्या साक्षीविरुद्धची आज्ञा पूर्वीं मीच त्याच्याकडून पाठ करून घेतली होती! प्रिय वाचकहो, हा प्रश्न आतां पुष्कळ गांवच्या मंडळ्यांत निघतो. उपदेशकानें तो टाळला, तर लेंकरें एवढेंच शिकतात कीं, देवाच्या घरीं खरें बोलावयाचें नसतें.

या कामीं आपल्याच प्रांतांतील एका देवसेवकाची आठवण होते. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे १८४५ सालीं स्कॉटलंडाहून नागपुरास आले. १८८३ सालीं तेथें निघालेलें हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नांवाचें आहे. सुवार्ता सांगणें व शाळा चालविणें हें त्यांचें काम. परंतु वाट चालतांना ते दगडहि न्याहाळीत. नागपुराजवळ टाकळी येथें काळ्या खडकाच्या थरांमध्यें त्यांस व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांस गोड्या पाण्यांतील गोगलगाईंचे शंख आणि झाडांचीं फळें व बीजें दगड होऊन राहिलेलीं आढळलीं. म्हणजे एक लाव्हारस वाहून निवाला, त्यावर तळें झालें, जीव वाढले, आणि मग दुसरा रस त्यांवर आला. एवढें सारें आठवडाभरांत होत नसतें. १८५५ सालीं त्या दोघांनीं हें लंडनच्या भूगर्भशास्त्रमंडळाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. पुढें १८६३ सालीं बोरीजवळ पाण्यांत बुडून हिस्लॉप मरण पावले. त्यांनीं शंख फेंकून दिला नाहीं, आणि सुवार्ताहि टाकिली नाहीं. तो खडक सुमारें साडेसहा कोटि वर्षांचा, असें आज ठरलें आहे. आपली काळी जमीन त्याच खडकाची झिजून झालेली आहे.

कोणी म्हणेल, "शास्त्रज्ञांचें बोलणें रोज बदलतें, त्यांवर विश्वास कसा ठेवावा?" चिखलीहून मेहकरावरून लोणारास गेलेल्यांनीं तें सरोवर पाहिलें असेल. तो खड्डा सुमारें पावणेदोन किलोमीटर रुंद आहे. लवणासुराच्या वधाची कथा तेथें सांगतात. विद्वान् फार दिवस त्यास ज्वालामुखीचें मुख समजत होते. १९७३ सालीं तेथील खोल खडकाची परीक्षा प्रसिद्ध झाली, तेव्हां आकाशांतून पडलेल्या अशनीनें तो खड्डा केला हें सिद्ध झालें. त्याचें वय आरंभीं सुमारें पन्नास हजार वर्षें मानीत. नंतरच्या मोजणीनें तें पांच लाखांच्याहि वर गेलें. पुरावा दिसतांच आपली चूक कबूल करणें यास आपण मंडळींत पश्चात्ताप म्हणतों. तोच गुण दुसऱ्यांत दिसला म्हणजे त्यास दोष कां द्यावा?

आतां उत्पत्तीचा पहिला अध्याय शांतपणें वाचा. तेथें प्रकाश पहिल्या दिवशीं आहे आणि सूर्य चौथ्या दिवशीं. सूर्यावांचून पहिले तीन दिवस कसे मोजले, हा प्रश्न नवा नाहीं. ऑगस्तीननें सोळाशें वर्षांपूर्वीं त्यावर विचार केला होता. कॅल्व्हिननेंहि १५५४ सालच्या आपल्या टीकेंत म्हटलें आहे कीं, मोशेनें साध्या माणसांस समजेल अशा रीतीनें लिहिलें. ज्योतिषशास्त्र शिकणें असेल त्यानें अन्यत्र जावें. हें सर्व कोणीं केलें व तें चांगलें आहे कीं वाईट, हें तो अध्याय सांगतो. कसें व किती काळांत झालें, हें दगडांस व हाडांस विचारावें. तींहि देवानेंच ठेविलीं आहेत.

प्राणी बदलतात हें तर आपल्या शेतकऱ्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. ज्या कपाशीवर शेंदरी बोंडअळी मरत असे, त्याच कपाशीवर २०१७ सालीं विदर्भांत तिनें बोंडें पोखरलीं. ज्या थोड्या अळ्या वांचल्या, त्यांचीच संतति वाढली. हाच नियम कोट्यवधि वर्षें चालला, तर किती बदल होईल याचा विचार करा.

"मग मनुष्य जनावरांच्या कुळांतला काय?" अशी खंत कित्येकांस वाटते. परंतु आपण मातीपासून झालों असें पवित्र शास्त्र सांगतें, तेव्हां आपणांस लाज वाटत नाहीं. मग जिवंत प्राण्याशीं नातें निघालें तर लाज कसली? देवाची प्रतिमा हाडांत नसून त्याच्या हांकेस ओ देण्यांत आहे. शिवाय, सर्व मनुष्यजात एकाच मुळाची, हें शास्त्रज्ञहि सांगतात. ज्यांच्या वडिलांस जन्मावरून गांवाबाहेर ठेविलें, त्यांनीं या साक्षीस भ्यावें काय?

तरी सर्व कोडीं सुटलीं असें मी म्हणत नाहीं. आदामाविषयीं ख्रिस्ती विद्वानांचें एकमत नाहीं. एवढ्या काळांत एवढे जीव कष्टी होऊन कां मेले, याचें उत्तर मजपाशीं नाहीं. देव स्वतः वधस्तंभावर त्या दुःखांत उतरला, एवढेंच मी जाणतों. उलट पक्षीं, खोट्या मापानें विकणें पाप आहे काय, शत्रूस क्षमा करावी काय, हें कोणतीहि दुर्बीण सांगणार नाहीं.

पुढच्या फेरींत मी चिखलीस गेलों तेव्हां त्या मुलाला म्हणालों, "बाळा, मागें मीं तुला चुकीचें सांगितलें. पेपरांत जें लिहिशील तें मनांतहि असूं दे, आणि मनांतला प्रश्न मंदिरांत उघड विचार." तो कांहीं वेळ माझ्याकडे पाहात राहिला. मग म्हणाला, "काका, मग लोणारचा दगड रविवारच्या शाळेंत आणूं का?"

मीं म्हटलें, "आण."