समदृष्टी आणि शेरूची थाळी

आजच्या चिंतनाला गीतेच्या पाचव्या अध्यायातला अठरावा श्लोक घेतलाय. विद्या-विनय असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने दूर लोटलेला माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी माणूस समदृष्टीने पाहतो, असा त्याचा भाव. वाचायला सोपा आहे. पण घरात खरंच कुत्रा असला की हा श्लोक रोज दोनदा परीक्षा घेतो, सकाळी आणि संध्याकाळी, त्याच्या जेवणाच्या वेळी.

आमचा शेरू साधा गावठी. मी खामगावच्या घरूनच कंपनीचं काम करतो, त्यामुळे त्याचं खाणं माझ्याकडे आहे. समदृष्टी म्हणजे आपण खातो तेच त्याला वाढायचं, असं वाटणं साहजिक आहे. शेगावच्या महाराजांचा नैवेद्य आठवा, पिठलं-भाकरी. आपल्या जिल्ह्यात याहून प्रेमाचं अन्न नाही. पण पिठल्यात कांदा-लसूण असतो आणि त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणेही त्याला घातक. काही कुत्र्यांची थोड्याशा बेदाण्यांनीसुद्धा किडनी बिघडते. चॉकलेट नको, आणि शुगर-फ्री वस्तूंतलं झायलिटॉल तर अजिबात नको. म्हणजे हातात प्रसाद आहे, समोर शेपूट हलतेय, आणि तरी द्यायचा नाही. मग समदृष्टी गेली कुठे?

मला वाटतं, ती देणाऱ्याच्या नजरेत असते, थाळीत नसते. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही सगळ्या यूजरना एकच स्क्रीन दाखवली म्हणजे न्याय झाला असं होत नाही. ज्याला कमी दिसतं त्याला मोठी अक्षरं लागतात. नामदेवांची कथा आपण सगळ्यांनी ऐकलीय. कुत्रा पोळी घेऊन पळाला आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले. लोक त्या कथेतलं तूप धरून बसतात. खरं तर तूप जास्त झालं तर कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. मला त्या कथेत भावतं ते नामदेवांचं मन. पोळी गेली याची चिंता नाही, त्याला कोरडी खावी लागेल याची आहे. खाणाऱ्याच्या घशाचा विचार!

याउलट शनिवारी काळा कुत्रा शोधून त्याला तेल लावलेली पोळी घालणारे बघा. कुत्र्याचं पोट भरतं, चांगलंच आहे. पण साडेसाती कोणाची आणि पोळी कोणाला? रविवारी तोच कुत्रा दारात आला तर हाड् म्हणतात. (राग मानू नका, आमच्या गल्लीतही आहेत असे.)

शेरूसाठी मी करतो ते साधं असतं. मऊ भात, फोडणी न दिलेलं मुगाचं वरण, उकडलेलं गाजर. खाऊ म्हणून ज्वारीच्या पिठात उकडलेला लाल भोपळा मळायचा, मीठ-साखर काही नाही, शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापून मंद तव्यावर कडक करायचे. पण खाऊ दिवसाच्या अन्नाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवावा. आणि घरचं म्हणजे आपोआप पूर्ण, हा भ्रम नको. अमेरिकेत २०१३ साली कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या, तेव्हा ९५ टक्क्यांमध्ये एक तरी आवश्यक पोषकद्रव्य कमी निघालं. कॅल्शियमची उणीव तर सहज राहते. रोजचं पूर्ण जेवण घरी करायचं असेल तर पशुवैद्याकडून प्रमाण ठरवून घ्या.

खरा पेच अंड्याचा आला. आई माळकरी. आमच्या घरात अंडं कधी आलं नाही. कुत्रा लांडग्याच्या कुळातला असला तरी माणसाबरोबर राहून धान्य पचवायला शिकलाय. पिष्टमय अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती त्याच्यात लांडग्यापेक्षा जास्त असतात. नीट आखलं तर शाकाहारावर तो जगू शकतो. पण शेरूचं वजन भरेना, आणि डॉक्टरांनी अंडं सुचवलं. व्रत आपण समजून-उमजून घेतो. त्याने कुठे माळ घातलीय? आपलं पुण्य त्याच्या पोटावर लादायचं का? आणि दुसरीकडून, समदृष्टी कुत्र्यापाशीच का थांबावी? कोंबडीनं काय केलंय? या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे आजही पूर्ण उत्तर नाही. पोसायची जबाबदारी ज्याची घेतली त्याचं शरीर आधी, एवढ्यावर मी थांबलोय.

आईने दोन दिवस विचार केला. मग म्हणाली, "त्याले लागते तं दे बाप्पा. पण माह्या गॅसवर नको, अन् भांडं येगळं ठेव." आता अंगणात एक जुनी शेगडी आहे, तिच्यावर आठवड्यातून तीनदा अंडं उकडतं. आई तिकडे बघत नाही, पण शेरूने खाल्लं का हे विचारल्याशिवाय राहत नाही.

एकादशीला आमच्याकडे भगर आणि शेंगदाण्याची आमटी असते. शेरूला त्या दिवशीही ज्वारीची भाकरी लागते, आणि ती स्वतः उपाशी असलेली आईच थापते.