गड्डा दाटला, फूल आटलें

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय १३, वचनें १ ते ३



निशिगंध, ज्यास आपण गुलछडीही म्हणतों, तो पुष्कळांच्या दारीं असतो. लाविल्यावर पहिलीं दोन वर्षें त्याला उंच दांडे येतात व रात्रीं अंगण सुवासानें भरून जातें. तिसऱ्या वर्षीं मात्र पाहावें तों पानांची नुसती दाटी. दांडे थोडे, आणि तेही बारीक. पाहणारा म्हणतो, 'केवढा गड्डा वाढला!' माळी म्हणतो, 'गड्डा दाटला.' ह्याचें कारण जमिनीखालीं असतें. ज्या कंदाला एकदां दांडा आला त्याला पुन्हा येत नाहीं. पुढचीं फुलें त्याच्या भोंवतीं झालेल्या पिलांना यावयाचीं असतात. पण तीं सर्व पिलें आईला चिकटून एकाच ओंजळभर मातींत जेवूं लागलीं, म्हणजे कोणाचेंच पोट भरत नाहीं. पानें जगतात, फूल आटतें.

मग माळी काय करितो? बहर संपूं देतो, पाणी तोडितो, पानें पिवळीं पडून सुकूं देतो. नंतर थोडें लांबून खणून गड्डा अखंड उचलतो, माती झाडून एकेक कंद हातानें अलग करितो, सडका टाकून देतो, आणि बाकीचे सावलींत वाळवून उन्हाळ्यांत खत घातलेल्या जमिनींत वीत वीत अंतरावर लावितो. एका गड्ड्याचा वाफा होतो.

मंडळीचेंही असेंच आहे. अंत्युखियाच्या मंडळींत पांच संदेष्ट्यांचीं व शिक्षकांचीं नांवें दिलीं आहेत. पवित्र आत्म्यानें त्यांतील दोघांना मागितलें. आणि ते दोघे कोण? बर्णबा व शौल! ज्यांच्यावांचून सहज चालेल अशांना तिनें निवडून काढलें नाहीं. उपास व प्रार्थना करून, हात ठेवून, तिनें आपले उत्तम कंद उचलून दिले. म्हणूनच त्यांच्या हातून सुवार्ता कुप्र बेटावर, व तेथून पलीकडच्या मुलुखांत पोहोंचली.

आतां आपल्या गांवाकडे पाहूं. उपासनेला दाटी आहे. वाचूं शकणारीं दहा माणसें आहेत. पण शास्त्र वाचतो एकच, भजन सांगतो एकच, बाकीचे बसून ऐकतात. आणि दोन कोसांवरच्या वाडींत तीन कुटुंबें आहेत, त्यांना प्रभूच्या दिवशीं प्रार्थना चालविणारा कोणी नाहीं. 'आमचीं माणसें तिकडे दिलीं तर आमची मंडळी मोडेल,' असें पंच म्हणतात. पंचहो, ती न दिल्यानेंच सुकत चालली आहे!

परंतु वेगळें करणें निराळें, आणि फूट निराळी. करिंथ येथें कोणी पौलाचा, तर कोणी अपुल्लोसाचा म्हणवूं लागला. पौलानें त्यास वाढ म्हटलें नाहीं. रागाच्या भरांत ओढून तोडलेला कंद जखमी होतो व मातींत सडतो. अब्रामाकडे पाहा. गुराख्यांचें भांडण कळतांच त्यानें लोटाला पहिली निवड दिली व सलोख्यानें तो वेगळा झाला. पुढें लोट शत्रूच्या हातीं सांपडला, तेव्हां त्याला सोडविण्यास अब्रामच धांवला. वेगळे झाल्यावरही जे एकमेकांसाठीं धांवतात, त्यांची मुळें देवापाशीं एकच असतात.

उपदेशक बंधूंनो, मोठा कंद त्याच वर्षीं फुलतो. लहान कंद मात्र आधीं पोसावा लागतो, त्याचा दांडा पुढच्या वर्षीं. नव्या वाडींत पहिल्या वर्षीं कोणाचा बाप्तिस्मा झाला नाहीं म्हणून ती जागा सोडूं नका. आणि कंद रुजला कीं नाहीं हें पाहण्यास रोज उकरूंही नका. वडील मंडळींनो, तुमच्या दांड्याला फूल येऊन गेलें, ह्याबद्दल देवाची स्तुति असो. आतां फुलण्याची पाळी तुमच्या पिलांची आहे. त्यांना जागा करून देण्यांत तुमचा मान जात नाहीं.

उन्हाळ्यांत अंगणांतला गड्डा उचलाल, तेव्हां हाताला माती असतांनाच प्रत्येकानें स्वतःस विचारावें : आमच्या मंडळींतून त्या वाडीला आम्ही कोणास देणार? ज्याचें नांव उच्चारतांना जीव कळवळतो, बहुधा त्यालाच प्रभु मागत असेल. तो थोर माळी आपणांस आपल्या हातानें उचलो, आणि त्याला बरें दिसेल तेथें लावो. आमेन.