चिडलेल्या देवीचा शांत चेहरा

इजिप्तचा राजा तिसरा आमेनहोतेप याने एकाच देवीच्या शेकडो दगडी मूर्ती घडवून घेतल्या. काळ इसवी सनापूर्वी सुमारे १३९० ते १३५२. देवी सेखमेट, धड बाईचे, डोके सिंहिणीचे. एवढ्या मूर्ती कशासाठी, हा प्रश्न संग्रहालयात सहसा पडत नाही, कारण तिथे बहुधा एखाददुसरीच समोर असते. सिंहमुख म्हणजे पराक्रम, माथ्यावरची तबकडी म्हणजे सूर्य, कपाळावरचा नाग म्हणजे राजसत्ता, असे कोष्टक वाचून आपण पुढच्या दालनात जातो. कोष्टक चुकीचे नाही. पण त्याने मूर्ती कळते, असे मला वाटत नाही.

आधी चेहरा पाहावा. कथा अशी की, म्हाताऱ्या झालेल्या रा या सूर्यदेवाविरुद्ध माणसांनी कट केला, तेव्हा त्याने आपला डोळाच देवीच्या रूपाने त्यांच्यावर सोडला. तिला रक्ताची चटक लागली. माणसे संपायची वेळ आली तसे रा देवाचे मन द्रवले, पण आता ती आवरेना. शेवटी सात हजार घडे बिअर तांबडी करून रानात ओतली गेली. रक्त समजून ती प्यायली, झिंगली आणि उरलेली माणसे वाचली. तुतानखामुनच्या कबरीतल्या सोन्याने मढवलेल्या एका देव्हाऱ्यावर ही कथा कोरलेली आहे.

या कथेतला कोणता क्षण मूर्तिकाराने घेतला? आपण संहाराचा घेतला असता. आमेनहोतेपच्या कारागिरांनी सुळे दाखवले नाहीत, हात उगारलेला नाही, पायाखाली कोणी चिरडलेले नाही. बैठ्या मूर्तीचे हात मांड्यांवर आहेत आणि एका हातात अंख, म्हणजे जीवनाचे चिन्ह. उभ्या मूर्तीच्या हातात पपायरसच्या देठाचा दंड, हिरवेपणाची आणि टवटवीची खूण. ही बिअर पिऊन झाल्यानंतरची देवी आहे. तसे करण्यामागे मला एक व्यवहारी शहाणपण दिसते. इजिप्तमध्ये मूर्तीवर 'मुख उघडण्याचा' विधी होत असे आणि मग ती श्वास घेते, नैवेद्य स्वीकारते असे मानत. असा देह दगडात संतापलेला घडवला तर तो संताप कोण आवरणार?

दगडही साधा नव्हे. ग्रॅनाइटच्या जातीचा, काळपट ग्रॅनोडायोराइट. आस्वानच्या बाजूला त्याच्या खाणी होत्या. तिथून या मूर्ती जिथे बसवल्या ते थीब्ज, म्हणजे आजचे लक्सर, नाईलच्या प्रवाहाने दोनेकशे किलोमीटर खाली. तांब्याच्या छिन्नीला तो दाद देत नाही. डोलेराइटच्या गोट्यांनी ठेचत, वाळूने घासत आकार काढायचा. हात आणि धड यांच्यामधला दगड म्हणूनच बहुधा तसाच सोडलेला दिसतो. सिंहिणीची मान बाईच्या खांद्यांना कुठे जुळते हे मात्र दिसू दिलेले नाही. सांधा केसांच्या टोपाच्या जाड बटांखाली झाकला आहे. मला या मूर्तींमधली सर्वांत हुशार जागा तीच वाटते.

आता संख्या. फ्रेंच इजिप्तविद्यातज्ज्ञ झाँ योयोत यांचा तर्क असा की, वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक बैठी आणि एक उभी, अशा ७३० मूर्तींची ही दगडी नामावळी असावी. अनेक मूर्तींवर राजाच्या नावाशेजारी देवीचे वेगवेगळे बिरुद कोरलेले आहे, त्यामुळे तर्काला बळ मिळते. इजिप्तचे वर्ष तीस दिवसांच्या बारा महिन्यांचे, वर पाच दिवस. वर्षाअखेरचे ते पाच दिवस फार धोक्याचे, सेखमेटचे दूत रोगराई घेऊन हिंडतात असे मानलेले. त्या राजवटीत साथ आली होती, असाही काही अभ्यासकांचा कयास आहे. थेट पुरावा नाही. पण रोज एका नावाने देवीची समजूत काढणारा राजा निर्धास्त असेल, हे पटत नाही.

रोग आणणारी तीच आणि नेणारीही तीच. तिचे पुजारी वैद्यकातले जाणकार मानले जात आणि एबर्स पपायरस या वैद्यकाच्या प्राचीन ग्रंथात नाडी पाहणाऱ्यांत त्यांचा उल्लेख आहे. पटकीच्या साथीत मरीआईला साकडे घालणाऱ्या आपल्या पणज्यांना यात नवल वाटले नसते. फरक जागेचा आहे. मरीआईला आपण वेशीवर ठेवले; आमेनहोतेपने सेखमेटला स्वतःच्या स्मारक-मंदिरात आणून बसवले, तेही रांगा लावून.

ते मंदिर नाईलच्या पश्चिम तीरावर, कोम अल-हेत्तान इथे होते. भूकंपाने ते कोसळले, पुढच्या राजांनी दगड नेले, दारापुढे उभे उरले ते मेम्नॉनचे म्हणून ओळखले जाणारे दोन प्रचंड पुतळे. कितीतरी सेखमेट नदीपलीकडे कर्नाकला, मूत देवीच्या मंदिराच्या आवारात सापडल्या. एकोणिसाव्या शतकात त्या युरोपभर पांगल्या. तुरिनच्या संग्रहालयात २१ आहेत, आणि तिथे त्या ओळीने पाहताना एका मूर्तीपाशी न सुचलेला प्रश्न आपोआप पडतो. बाकी ठिकाणी पाटीवर देवीच्या नावाखाली तिच्या बहिणी किती आणि कुठे, एवढे जरी लिहिले तरी पुष्कळ होईल. कोम अल-हेत्तानच्या पाणथळ जमिनीतून पुरातत्त्वज्ञ हूरिग सूरूझियान यांच्या पथकाने आणखी कितीतरी वर काढल्या आहेत.