आहुतीचा पत्ता

आमच्या मुलींच्या वसतिगृहात सॅनिटरी पॅड जाळायचं यंत्र घ्यावं का, हा विषय समितीपुढे आला आणि चर्चा लगेच वीजबिलावर गेली. मला तो धर्माचा प्रश्न वाटतो. माहेर याज्ञिकांचं आणि जन्म गेला रसायनशास्त्र शिकवण्यात, त्यामुळे असेल.

होमात आहुती पडली की वडील यजमानाकडून त्याग म्हणवून घेत: हे अमुक देवतेचं, माझं नाही. लहानपणी ‘माझं नाही’ हेच मोठं वाटायचं. आता वाटतं, खरी जबाबदारी आधीच्या शब्दांत आहे. सोडलेली वस्तू कुणाकडे गेली हे नाव घेऊन सांगावं लागतं. कचरा जाळताना आपण ‘माझं नाही’ एवढंच म्हणतो.

विक्रेता म्हणाला, “मॅडम, चिमूटभर राख उरते.” मग बाकीचं गेलं कुठे? मॅग्नेशियमची फीत जाळली की राख फितीपेक्षा जड भरते, हे मी वर्गात तराजूवर दाखवत असे; जळलं म्हणून काही नाहीसं होत नाही. पॅडात लाकडाचा लगदा, पॉलिथिन आणि पाणी धरून ठेवणारं पॉलिमर असतं. वापरलेलं पॅड ओलं, म्हणून बरीचशी आच पाणी आटवण्यातच खर्च होते. ज्वलन अर्धवट राहिलं आणि त्यात क्लोरीन असलं, तर डायॉक्सिन तयार होतं. रुग्णालयातला कचरा जाळणाऱ्या भट्टीला २०१६च्या नियमांनी दुसऱ्या कक्षात १,०५० अंशांच्या आसपास तापमान, तिथे वायू किमान २ सेकंद आणि ३० मीटर उंच चिमणी घालून दिली आहे. आमची पेटी गीझरएवढी. धुराचा पाइप मागच्या भिंतीतून निघणार, आणि भिंतीला लागून स्वयंपाकाच्या मावशींची खोली. म्हणजे आहुतीचा पत्ता ठरलेलाच होता, फक्त कुणी उच्चारला नव्हता.

समितीतल्या एका आजोबांचा यंत्राला विरोध आहे. अग्नीत अमेध्य टाकू नये, असं मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आहे खरं. पारशी परंपरा तर अग्नीला प्रेताचाही स्पर्श होऊ देत नाही. पण पाळीचं रक्त अमेध्य, हेच मला मान्य नाही. अग्नीला विटाळ होईल याची मला चिंता नाही, त्याच्या आड जी लाज लपवायची आहे तिची आहे. मुलींना यंत्र हवंय, कारण हातातली पुडी आवारात कुणाला दिसायला नको. यात दोष त्यांचा नव्हे.

न जाळलं म्हणून हात झटकता येतात असंही नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक बायकांना असल्या पुड्या हातानं निवडाव्या लागत. त्यावर पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची मोहीम निघाली. तो ठिपका मला वडिलांच्या त्यागाच्या फार जवळचा वाटतो. पुढे कुणाचा हात लागणार, हे टाकणारीनं आधी मनात आणलेलं असतं.

कचऱ्याची गाडीच पोचत नाही अशा डोंगरातल्या दवाखान्यात लहान भट्टी मी मान्य करीन. उघड्यावर पडलेल्या सुया त्याहून वाईट. आमच्या गावात मात्र ग्रामीण रुग्णालयाचा कचरा न्यायला गाडी येते. तिच्यातून आमच्या पुड्या जातील का, हे सचिव विचारून येणार आहेत. आणि यंत्रच घ्यायचं ठरलं, तर धुराचा पाइप समितीच्या बैठकीच्या खोलीच्या खिडकीखाली काढावा, अशी माझी सूचना आहे. ती मी इतिवृत्तात लिहून घ्यायला लावली.