किनारा स्वच्छ निघाला तेव्हा

गेल्या रविवारी सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर माझी चक्क निराशा झाली. किनारा स्वच्छ होता. आदल्या दिवशी कॉलेजची मुलं येऊन झाडून गेली असावीत. सुरूच्या बनापासून पार झरीविनायकापर्यंत चाललो, तर पिशवीत पडली सात बुचं आणि लहान मुलाची एक स्लिपर, डाव्या पायाची. मनात आलं, ‘आज काहीच मिळालं नाही.’ आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

नाद लागला तो दोन वर्षांपूर्वी. आळीतली चार पोरं घेऊन किनाऱ्यावर जायचं, सापडेल ते आणायचं, धुवायचं आणि त्याचं काहीतरी करायचं. गणपतीपुळ्याला शिंपल्यांची तोरणं विकायला असतात, तशी आम्ही बुचांची करू लागलो. यात एक गोष्ट शिकलो. किनाऱ्यावर बाटल्यांपेक्षा बुचं जास्त का सापडतात? बुचाचं प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगत राहतं. बाटलीचं जड, बूच निघालं, आत पाणी शिरलं की ती तळाला जाते. स्लिपर तरंगते, थर्माकोल तरंगतो, होडीचे हिरवे-निळे दोर तरंगतात. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा सुटला की हे सगळं वाळूवर येऊन पडतं. म्हणजे आपल्याला दिसतो तो फक्त तरंगणारा हिस्सा.

हा माल भंगारवाला घेत नाही. खारलेला, उन्हाने विटलेला, दहा जातींचा एकत्र. त्याला परवडत नाही. दाभणाने भोक पाडायला जावं तर जुनं बूच खडीसाखरेसारखं फुटतं आणि त्याचा चुरा अंगणात पसरतो. पहिल्या वर्षी तो चुरा मी पाइप लावून गटारात घालवला. गटार खाडीला जातं हे नंतर सुचलं. आता कागद अंथरून बसतो. मेणबत्तीवर प्लास्टिक वितळवून फुलं करायचा प्रकारही पोरांना बंद करायला लावला. तो धूर कुठल्याच फुलाच्या मोलाचा नाही.

शाळेत या विषयाला ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणतात. शब्द ऐकायला छान आहे, पण इथे उलटा पडतो. प्लास्टिक मुळातच टिकाऊ. टाकाऊ ठरवलं ते आपण. एका ओळखीच्या घरी तर प्रकल्पासाठी थंड पेयाच्या सहा नव्या बाटल्या आणल्या होत्या. पेय निम्मं प्यायलं, निम्मं मोरीत ओतलं. ‘किनाऱ्यावरच्या फार मळकट असतात हो,’ मुलाची आई म्हणाली. मी हसलो, आणि पुढच्याच महिन्यात माझ्यावर तीच वेळ आली.

संक्रांतीच्या आधी शेजारच्या वहिनी आल्या. दारावरचं तोरण त्यांना आवडलं होतं. ‘भाऊजी, हळदीकुंकवाला वाण म्हणून अशी पन्नास करून द्याल का? दरवर्षी प्लास्टिकचे डबे लुटतो, त्यापेक्षा हे बरं.’ मी फुशारून हिशेब मांडला. एका तोरणाला एकवीस बुचं म्हणजे पन्नासांना एक हजार पन्नास. घरात सगळी मिळून अडीचशेही नव्हती. तेवढ्यात आमच्यातला सर्वांत हुशार पोरगा म्हणाला, ‘काका, हॉटेलवाल्याला सांगून ठेवू. तो रोज देईल.’ सगळ्यांना पटलं. मलाही, दोन मिनिटं. मग ध्यानात आलं की आता आम्हाला बाटल्या खपायला हव्या होत्या.

वहिनींना अकरा तोरणं दिली. त्या थोड्या नाराज झाल्या.

केनियाच्या किउंगा किनाऱ्यावरची पोरं वाहून आलेल्या स्लिपरांची खेळणी करताना 1990च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या एका सागरसंशोधिकेला दिसली. त्यातून पुढे धंदा उभा राहिला. रंगीत जिराफ आणि कासवं देशोदेशी जातात. बायामाणसांच्या हाताला काम मिळालं, त्याला नावं ठेवायचं मला कारण नाही. इकडे गोव्यात डॉक्टरकी सोडून कलावंत झालेले सुबोध केरकर समुद्राने फेकलेल्या वस्तूंची मोठमोठी शिल्पं मांडतात. ती बघताना माणूस जरा अस्वस्थ होतो. माझं तोरण कुणाला टोचत नाही. उलट ते पाहून जो तो म्हणतो, ‘अरे वा, प्लास्टिकचंसुद्धा किती सुंदर होतं!’ 2018च्या मार्चमध्ये राज्याने पिशव्यांवर आणि थर्माकोलवर बंदी आणली, तेव्हा याच मंडळींनी मखराचं कसं होणार म्हणून किती हळहळ केली होती, ते मला आठवतं.

ओटीवर गेल्या पावसाळ्यापासून एक गाठोडं पडलं आहे. नायलॉनचं जाळं, दोर, त्यात अडकलेले शिंपले, सगळं एकजीव झालेलं. असल्याच जाळ्यात कासवंही अडकतात, वेळासच्या किनाऱ्यावर ज्यांची अंडी लोक रात्री जागून राखतात ती. त्या गाठोड्याचं काय करावं ते सुचेना. परवा मिरकरवाड्याचे एक ओळखीचे तांडेल आले, गाठोडं पायानेच उलटं केलं आणि म्हणाले, ‘मास्तर, हे आमच्याकडचंच. गाठ बघा ना.’

‘तुम्हीच टाकलंत?’ मी विचारलं.

‘मी नसेन, दुसरा कोणी असेल. फाटलेलं परत आणायचं तर जागा लागते. ती जागा मासळीची.’ जरा थांबून म्हणाले, ‘मीसुद्धा टाकलंय.’

मी त्यांना तोरण दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन पाहिलं, चांगलं आहे म्हणाले आणि परत खुंटीला अडकवलं. मग कोयती मागून घेतली, उकिडवे बसले आणि पाव तास खपून त्या गुंत्यातून तीन वाव दोर सोडवला. दोन्ही हातांनी ताणून बघितला.

‘हा अजून चांगला आहे. होडी बांधायला होईल,’ म्हणाले, खांद्यावर टाकला आणि निघाले. जाळ्याचा गोळा ओटीवर तसाच आहे.